जुनं झाड तोडीपासून वाचवायचं तर आधी काय, मग काय: सोलापूर जिल्ह्यासाठी

झाडावर मशीन चालायला लागलं की ग्रुपवर फोटो येतात, खाली ‘कोणीतरी थांबवा रे’. तोवर हरकतीची मुदत संपलेली असते, परवानगी निघालेली असते आणि ठेकेदाराच्या खिशात शिक्क्याचा कागद असतो. मग घोषणा होतात, पेपरात बातमी येते आणि चार दिवसांनी पहाटे झाड जातं. लोकांना कळकळ नसते असं नाही. क्रम चुकतो. जे काम झाड हिरवंगार उभं असताना करायचं, ते लोक झाड आडवं होताना करायला जातात.

आपल्याकडे सह्याद्रीसारखं घनदाट जंगल नाही. सोलापूरचं ‘जुनं जंगल’ विखुरलेलं आहे: बांधावरची चिंच, ओढ्याकाठचा उंबर, देवळामागचा वड, खडकाळ माळावरचे हिवर आणि हिंगणबेट, कुठेतरी लपून राहिलेलं चंदन. एकेकटं झाड असल्यामुळे ते जंगलाच्या हिशेबात धरलं जात नाही, म्हणून ते जातंही चटकन. पुढचे टप्पे याच झाडांसाठी आहेत.

टप्पा १: आधी यादी, तीही संकट नसताना

आपल्या गावातली किंवा प्रभागातली जुनी झाडं फिरून लिहून काढा. शंभर झाडांची अर्धवट यादी करण्यापेक्षा पंधरा झाडांची पक्की करा. प्रत्येक झाडासाठी एक पान ठेवा. त्यावर स्थानिक नाव, जागा, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, घेर, फोटो आणि पाहिल्याची तारीख एवढं हवं.

फोटो चार घ्या: पूर्ण झाड, बुंध्याशी माणूस उभा करून एक, पानाफांदीचा जवळून, आणि फूल किंवा फळ असेल तर त्याचा. बुंध्याशेजारी माणूस हवाच. नुसत्या झाडाच्या फोटोवरून वीस वर्षांचं गुलमोहर आणि दीडशे वर्षांची चिंच यांतला फरक टेबलामागे बसलेल्या साहेबाला कळत नाही.

महापालिका किंवा नगरपालिका हद्दीत असाल तर हेही विचारा: दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणं नागरी क्षेत्राच्या झाडांच्या कायद्यानुसार बंधनकारक आहे, त्या गणनेत हे झाड आहे का? नसेल तर नोंद करून घेण्याचा अर्ज आजच द्या. गणनेत नसलेलं झाड तुटलं, तर ते तिथे होतं हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते.

*सावधान:* चंदनाच्या झाडाचं नेमकं ठिकाण कुठेही टाकू नका. ग्रुपवर नाही, फेसबुकवर नाही. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदीच्या अ‍ॅपवर नोंदवायचंच असेल तर ठिकाण धूसर ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. तुमची कौतुकाची पोस्ट चंदनचोराला घरपोच पत्ता देते.

टप्पा २: ओळख आणि माप

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि सुनावणीत त्याच अंगाशी येतात.

झाडाची जात नक्की करा. करंज आणि पळस कोणीही ओळखतो, पण पिंपळ आणि पिंपरी, हिवर आणि बाभूळ यांत गल्लत होते. हिवराची साल फिकट, पिवळसर पांढुरकी असते आणि झाडाचा माथा छत्रीसारखा पसरतो. बाभळीची साल काळपट आणि खोल भेगांची असते, फुलंही गडद पिवळी, गोल गोंड्यांची. खात्री नसेल तर सोलापुरातल्या एखाद्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात फांदीचा नमुना घेऊन जा. झाड खरोखरच दुर्मीळ वाटत असेल तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. नमुना वर्तमानपत्रात दाबून वाळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेलात तर पोचेपर्यंत त्याची भाजी होते.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजतात. पद्धत अशी:

- शिंप्याची टेप दीड मीटरची असते, जुन्या झाडाला पुरत नाही. सुतळी गुंडाळा, गाठ मारा, मग सुतळी जमिनीवर ताणून मोजा.
- सुतळी बुंध्याभोवती सगळीकडे सारख्या उंचीवर हवी. मागच्या बाजूला ती हमखास घसरते, म्हणून दुसरा माणूस मागे उभा करा.
- उतारावरच्या झाडाची उंची चढाच्या बाजूने धरा.
- साडेचार फुटांवर गाठ किंवा फुगवटा असेल तर त्याच्या किंचित वर किंवा खाली मोजा आणि तसं लिहा.
- झाड साडेचार फुटांच्या खालीच दुभंगलेलं असेल तर दुभंगाच्या खाली, जिथे बुंधा सगळ्यात अरुंद आहे तिथे मोजा. मोजल्याची उंचीही लिहा.
- वडाचा मूळ बुंधा वेगळा आणि जमिनीत रुतून खांब झालेल्या पारंब्या वेगळ्या मोजा. सगळ्यांना वेढा घालून ‘घेर साठ फूट’ लिहू नका. फांद्यांचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असा वेगळा द्या.

आता वयाची गोष्ट. प्रत्येक वड आपल्याकडे ‘चारशे वर्षांचा’ असतो. सुनावणीत अधिकारी एकच प्रश्न विचारतो: कशावरून? तिथे गप्प बसलात की तुमचे बाकीचे खरे मुद्देही खोटे वाटायला लागतात. उगाच मोठा आकडा सांगण्याची गरजही नाही. नागरी क्षेत्राच्या झाडांच्या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली, तिच्यानुसार ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड प्राचीन वृक्ष, म्हणजे हेरिटेज ट्री ठरतं. तुम्हाला पन्नासच सिद्ध करायची आहेत.

त्यासाठी पुरावे घरातच सापडतात. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना ‘पूर्वेस चिंचेचे झाड’ असं असतं. खरेदीखत १९५८ चं असेल आणि चिंच तेव्हाच खूण म्हणून सांगण्याइतकी मोठी असेल, तर वयाचा वाद तिथेच संपला. सातबाऱ्यावर शेऱ्याच्या रकान्यात झाडांचा उल्लेख असतो, तो जुन्या हस्तलिखित उताऱ्यांतही शोधा. देवळापुढच्या झाडासाठी लग्नाचे आणि जत्रेचे जुने फोटो बघा. गावातल्या ऐंशीच्या घरातल्या दोघांचे जबाब लिहून सह्या घ्या. बुंध्याला भोक पाडून वय काढायच्या भानगडीत पडू नका. आपल्या हवामानातल्या पुष्कळ झाडांची वलयं वर्षाला एक अशी नीट मोजता येत नाहीत, आणि भोकातून कीड जाते ती वेगळीच.

टप्पा ३: जागा कुणाची, कायदा कोणता

‘मा. जिल्हाधिकारी साहेब, झाड वाचवा’ असा अर्ज देऊन लोक घरी जाऊन बसतात. तो अर्ज तिथून खाली, तिथून बाजूला असा फिरत राहतो आणि झाड तुटल्यावर उत्तर येतं की ‘सदर विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही’. म्हणून आधी जागा ठरवा. महाभूलेखवर सातबारा आणि महाभूनकाशावर गटाचा नकाशा पाहा, शंका असेल तर तलाठ्याकडे जा. (पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात तलाठीच म्हणतात.) मग पुढचं कोष्टक डोक्यात ठेवा.

*महापालिका आणि नगरपालिका हद्द.* सोलापूर शहर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, सांगोला, मंगळवेढा, करमाळा, कुर्डुवाडी वगैरे. इथे १९७५ चा नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायदा लागतो. परवानगी वृक्ष प्राधिकरण देतं, रोजचं काम वृक्ष अधिकारी बघतो. झाड खाजगी अंगणातलं असलं तरी परवानगी लागते. ‘माझ्या जागेतलं माझं झाड’ हे शहरात चालत नाही.

*गावातली खाजगी जमीन.* इथे १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा. तो सगळ्या झाडांना लागत नाही, फक्त अनुसूचीतल्या जातींना लागतो: साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, खैर, चंदन, हिरडा, फणस, बिबळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, आणि किनाऱ्यावरची खारफुटी. यादी परत वाचा. वड नाही. पिंपळ नाही. कडुनिंब नाही, उंबर नाही, हिवर नाही, बाभूळ नाही. सोलापूरच्या माळरानावरची निम्मी जुनी झाडं या यादीच्या बाहेर आहेत. बांधावरच्या कडुनिंबासाठी ‘बेकायदा तोड’ अशी तक्रार घेऊन वन विभागात गेलात तर हात हलवत परत याल. अशा झाडांचा रस्ता वेगळा आहे, तो टप्पा ६ मध्ये.

*रस्त्याकडेची झाडं.* रस्ता कोणाचा ते बघा: राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद की ग्रामपंचायत. कालव्याकडेची असतील तर जलसंपदा. झाड ज्यांचं, हरकत आधी त्यांच्याकडे. प्रत वन विभागाला आणि तहसीलदारांना.

*वनजमीन.* उपवनसंरक्षक कार्यालय. इथे केंद्राचा १९८० चा वन कायदा येतो आणि प्रकरण पूर्ण वेगळ्या वाटेने जातं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन्यजीव कायदाही.

*तपासा:* तुमच्या झाडाच्या पानावर आता तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: मालक कोण, परवानगी कोण देणार, कोणत्या कायद्याने. एखादी रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: तोडीची चाहूल ओळखा

रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारलेले दिसले की काही जण घाबरून फोन करतात. ते पट्टे रात्री गाडीवाल्याला झाड दिसावं म्हणून असतात. काळजी करायची ती साल तासून ऑइलपेंटने टाकलेल्या नंबरांची. नंबर पडले म्हणजे झाड कोणाच्या तरी यादीत गेलं. त्याच आठवड्यात संबंधित कार्यालयात जाऊन यादी मागा.

दुसरी चाहूल म्हणजे संयुक्त मोजणी. रस्ता रुंद होणार असेल तर मोजणीच्या वेळी झाडंही मोजली जातात आणि त्यांचं मूल्यांकन होतं. आखणी बदलायची असेल तर खरी वेळ हीच. टेंडर निघाल्यावर नकाशा सरकवणं फार अवघड जातं.

तिसरी चाहूल चोरपावलांची असते: झाड आधी मारायचं आणि मग ‘वाळलं, धोकादायक झालं’ म्हणून परवानगी मागायची. बुंध्याच्या तळाशी वाकून बघा. साल कड्यासारखी गोल सोललेली आहे का? अंगठ्याएवढी भोकं आणि त्याभोवती तेलकट किंवा जळाल्यासारखा डाग आहे का? मुळाशी राख, जळका टायर, दर दोन दिवसांनी टाकलेला कचरा? शहरात हाच प्रकार सभ्यपणे होतो, पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवतात. झाड आठ-दहा वर्षांत वाळतं आणि कोणाचंच नाव पुढे येत नाही. यातलं काही दिसलं की तारखेसह फोटो काढा आणि लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पुढे हाच कागद ‘झाड आपोआप वाळलं’ हे म्हणणं खोडून काढतो.

टप्पा ५: हरकत, मुदतीत आणि मुद्द्याची

नागरी हद्दीत तोडीचा अर्ज आला की वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि झाडावरही नोटीस लावावी लागते. हरकतीला साधारण ७ दिवस मिळतात. शेवटची तारीख नोटिशीवर असते, तीच खरी धरा. पेपरातली सूचना आतल्या पानावर, बारीक टायपात, निविदांच्या गर्दीत असते. म्हणून तुमच्या गटातल्या एकाने रोज सोलापूर आवृत्तीच्या जाहीर सूचना वाचायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते.

झाडावर नोटीस लावलेलीच नसेल तर त्याचा फोटो काढा. हा तुमच्या हरकतीतला पहिला मुद्दा.

माहिती अधिकाराचा अर्ज या टप्प्यावर कामाचा नाही. त्याच्या उत्तराला ३० दिवस असतात, तुमच्याकडे ७. फाइल बघू द्या म्हणून साधा अर्ज द्या आणि त्याच दिवशी टेबलापाशी उभे राहा. माहिती अधिकार टप्पा १ सोबतच वापरायचा असतो, मागच्या परवानग्या आणि त्यांच्या बदल्यात लावलेली झाडं तपासायला.

हरकतीचा नमुना असा. स्वतःच्या झाडाप्रमाणे बदला:

> विषय: … रस्त्यालगत, सि.स.नं. … येथील चिंचेच्या झाडाच्या तोडीस हरकत
>
> आपल्या दि. … च्या जाहीर सूचनेतील अनु. क्र. … बाबत माझी हरकत खालीलप्रमाणे:
>
> १. सदर वृक्ष चिंच जातीचा असून जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर त्याचा घेर … मीटर आहे. सोबतच्या खरेदीखतातील उल्लेखावरून वय ५० वर्षांपेक्षा अधिक असल्याने तो प्राचीन वृक्ष आहे. सूचनेत तसा उल्लेख नाही.
>
> २. झाडावर नोटीस लावलेली नाही (दि. … चे फोटो सोबत).
>
> ३. झाड न तोडता काम करणे शक्य आहे, त्याचा पर्यायी आराखडा सोबत जोडला आहे.
>
> ४. स्थळपाहणी माझ्या उपस्थितीत व्हावी आणि निर्णय लेखी कळवावा.

एवढंच. ऑक्सिजन, पूर्वजांचा ठेवा, तुकोबांचे वृक्षवल्लीचे अभंग यांना अर्जात जागा नाही. ते भाषणात ठेवा. अधिकाऱ्याला निर्णय फिरवायला कागदावर कारण लागतं, आणि ते कारण तुम्हीच लिहून द्यायचं असतं.

शंभर जणांच्या सह्यांचं एक निवेदन हा एकच कागद असतो. वीस जणांनी स्वतंत्र हरकती दिल्या तर वीस आवक नंबर पडतात आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. मजकूर मात्र झेरॉक्स नको.

*तपासा:* प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का आहे का? ‘ठेवून जा, साहेबांना देतो’ म्हणजे पोच नव्हे. शिक्का मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पर्यायी आराखडा म्हणजे इंजिनिअरचा मोठा नकाशा नाही. गटाच्या नकाशाच्या प्रतीवर झाड दाखवा आणि सांगा: रुंदीकरण समोरच्या बाजूने करा, गटार दोन मीटर वळवा, किंवा झाड दुभाजकात ठेवा. हे होऊ शकतं. सांगली जिल्ह्यात मिरजेजवळच्या भोसे गावातला जुना वड रत्नागिरी-नागपूर महामार्गात जात होता. २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवला, प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेलं आणि आखणीत बदल करून तेव्हा वड राखला गेला. हाच महामार्ग पुढे सांगोला-मंगळवेढ्यावरून सोलापुरात येतो. आपल्याकडच्या अधिकाऱ्यांसमोर हे उदाहरण ठेवा, ते त्यांच्याच खात्याचं आहे.

‘आम्ही झाडाचं पुनर्रोपण करू’ असं उत्तर येईल. लगेच हो म्हणू नका. जुनी चिंच किंवा जुना कडुनिंब मुळं छाटून, फांद्या तोडून हलवला तर जगण्याची शक्यता कमी, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याला दोन वर्षं पाणी कोण घालणार ते लेखी मागा. वड-पिंपळ त्या मानाने चिवट असतात, तरी हा शेवटचा उपाय.

भरपाईच्या लागवडीबद्दलही एक वाक्य अर्जात घालाच. सुधारित कायद्यानुसार तुटणाऱ्या झाडाचं जितकं वय, तितकी झाडं लावायची असतात. ती कुठे लावणार हे विचारा. ‘माळरान मोकळंच आहे’ म्हणून नान्नज-मार्डीकडच्या गवताळ माळावर खड्डे पाडले, तर एक झाड गमावून वर माळढोक, काळवीट आणि धाविक पक्ष्यांचं घरही बिघडवलं. तो माळ ओसाड नाही, तो तसाच जुना आहे. मला विचाराल तर सोलापूर जिल्ह्यात झाडांच्या नावाखाली सगळ्यात जास्त नुकसान या एका गैरसमजाने होतंय.

टप्पा ६: शेतातलं झाड, जिथे कायदा तोकडा आहे

बांधावरचा कडुनिंब किंवा हिवर शेतकऱ्याने विकला तर बहुतेक वेळा तो गुन्हा नसतो. व्यापारी दारात येतो, उभ्या झाडाला भाव सांगतो, रोख देतो, दुपारपर्यंत कटर चालवून ट्रॅक्टर भरून नेतो. लाकूड वीटभट्टीला जातं, नाहीतर वखारीत. शेतकऱ्याला त्या दिवशी पैशाची नड असते. तिथे जाऊन पर्यावरणावर बोलणाऱ्याला शेतकरी चहा पाजतो आणि झाड विकतो.

काय चालतं ते सांगतो. एक, भाव कळायच्या आधी भेटा. झाड विकायचं ठरलं तर आधी आम्हाला सांगा, एवढाच शब्द घ्या. दोन, झाडाचं चालू उत्पन्न काढून दाखवा. चांगली धरणारी चिंच दरवर्षी मक्त्याने देता येते, लाकूड एकदाच विकलं जातं. तीन, गावाने वर्गणी काढून झाड ‘राखण्याचा’ लेखी करार करायचा: मालकी शेतकऱ्याची, फळ त्याचं, पण इतकी वर्षं तोडायचं नाही, बदल्यात ठरलेली रक्कम. साध्या स्टॅम्पपेपरवर, दोन साक्षीदार, गट नंबर आणि घेरासह. शेत विकलं तर नव्या मालकालाही करार लागू राहावा म्हणून वकिलाकडून मजकूर तपासून घ्या.

बांधावरचं झाड दोघांचं असेल तर दोघांशी बोला. भाऊबंदकीत झाड पुष्कळदा रागापोटी पडतं, पैशापोटी नाही. अशा ठिकाणी भावकीतल्या वडीलधाऱ्याला मध्ये घाला, तुम्ही बाजूला थांबा.

ग्रामपंचायतीच्या जागेतला वड-पिंपळ असेल तर ग्रामसभेचा ठराव हे तुमचं हत्यार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांच्या आधी विषय लेखी द्या, ऐनवेळचा विषय म्हणून नको. ठरावात ‘गावातील सर्व झाडे’ असं लिहू नका. प्रत्येक झाडाचं नाव, ठिकाण आणि घेर लिहा. मोघम ठराव पुढचा सरपंच सहज बाजूला सारतो.

टप्पा ७: तोड सुरू झाली असेल तर

क्रम असा ठेवा, उलटा नको:

१. लांबून व्हिडिओ सुरू करा. त्यात तारीख, ठिकाण आणि झाडाची जात बोला.

२. परवानगीचा कागद दाखवायला सांगा आणि त्याचा फोटो घ्या. झाडाचा नंबर, जात आणि संख्या जुळते का ते बघा. परवानगी तीन सुबाभळींची आणि तुटतेय चिंच, हे नेहमीचं आहे. तारीखही बघा: नागरी कायद्यात परवानगी दिल्यापासून १५ दिवस झाड तोडता येत नाही.

३. शहरात वृक्ष अधिकाऱ्याला, गावात अनुसूचीतली जात असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला फोन करा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६, पोलीस ११२. फोन केल्याची वेळ लिहून ठेवा आणि तोच मजकूर लगेच मेसेजने पाठवा.

४. झाडावर घरटी असतील, बगळ्या-करकोच्यांचं सारंगागार (एकत्र घरट्यांची वसाहत) असेल, तर ते पहिल्या वाक्यात सांगा. अंडी-पिल्लं असलेली घरटी मोडणं वन्यजीव कायद्याखाली येतं आणि तिथे यंत्रणा जरा वेगाने हलते.

५. झाड पडलंच तर पंचनाम्याचा आग्रह धरा. बुंध्याचा घेर, ओंडक्यांची संख्या आणि लांबी, गाडीचा नंबर. अनुसूचीतल्या लाकडाला वाहतूक परवाना लागतो, तो विचारा. थोटुक उपटून नेण्याआधी त्यावर टेप ठेवून फोटो काढा.

*सावधान:* मजुरांशी वाद नको. ते रोजावर आलेले असतात. मशीनसमोर आडवं पडणं, चावी काढून घेणं यातून ‘सरकारी कामात अडथळा’ तुमच्यावरच लागतो आणि पुढचे महिने झाड सोडून जामिनामागे जातात. कलत्या झाडाखाली तर उभंच राहू नका.

टप्पा ८: वरच्या दारात

आधी खालच्या निर्णयावर अपील, तेही मुदतीत. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, उत्तर न देणाऱ्या कार्यालयाला तिथे समोरासमोर बोलतं करता येतं.

कोर्टाचं म्हणाल तर बरेच जण थेट पुण्याला हरित न्यायाधिकरणात जायचं म्हणतात. त्या न्यायाधिकरणाच्या कायद्याला जोडलेल्या यादीत वन, पाणी, हवा, पर्यावरण आणि जैवविविधतेचे केंद्रीय कायदे आहेत. राज्याचा झाडांचा कायदा त्यात नाही. नुसती नागरी हद्दीतली वृक्षतोड असेल तर उच्च न्यायालय हाच रस्ता. सोलापूरकरांना आता त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे. वकिलाकडे जाताना टप्पा १ ते ५ ची फाइल तारखेच्या क्रमाने लावून न्या. स्थगिती फाइलवर मिळते.

टप्पा ९: कायमची नोंद

जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ती वही कपाटात असते, कुणी उघडलेली नसते. ती मागा, आणि तुमची झाडं तिच्यात जात, घेर, ठिकाणासह लिहून घ्या.

एखाद्या ठिकाणी एकच झाड नसून जुना समूह असेल, देवस्थानाची राखलेली झाडी असेल, तर जैविक वारसा स्थळाचा प्रस्ताव करता येतो. कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून तसं जाहीर करतं. गडचिरोलीतलं जुन्या सागवानाचं ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ २०१४ मध्ये असंच जाहीर झालं, सिंधुदुर्गातली बांबर्ड्याची मायरिस्टिकाची (जायफळाच्या कुळातल्या झाडांची) दलदलही. प्रस्ताव समितीच्या ठरावाने नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे जातो. वेळ लागतो. इतर टप्पे थांबवून याची वाट बघू नका.

टप्पा १०: वाचलेलं झाड सांभाळणं

बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी ठेवा. पेव्हर असतील तर ते काढण्याचा अर्ज द्या. पार बांधायची हौस असेल तर बांधा, पण बुंध्याला माती चढवू नका. खोडाचा जमिनीलगतचा भाग दोन फूट भरावात गेला की साल कुजते. वडाच्या पारंब्या ‘आडव्या येतात’ म्हणून छाटू नका, म्हातारपणी झाडाचा भार त्याच पेलतात. रस्त्यावर लोंबणारी पारंबी मातीने भरलेल्या पोकळ बांबूतून वळवून बाजूला जमिनीत रुजवता येते. ढोली दिसली म्हणजे झाड मेलं असंही नाही. जिवंत भाग सालीखाली असतो, मधलं पोकळ झालं तरी चिंच वर्षानुवर्षं उभी राहते आणि पिंगळे, पोपट तिथेच वाढतात. ढोलीत सिमेंट भरू नका.

उसाच्या पट्ट्यातल्या झाडांना सगळ्यात मोठा धोका कुऱ्हाडीचा नसतो, पाचटाचा असतो. तोड संपली की शेत पेटवतात आणि बांधावरचं झाड एका बाजूने भाजून निघतं. दोन-तीन हंगामांत ते वाळतं आणि मग लाकूड म्हणून विकलं जातं. म्हणून कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत, दिवाळीच्या सुमारास, यादीतल्या प्रत्येक बांधावरच्या झाडाच्या मालकाला भेटा आणि बुंध्यापासून फांद्यांच्या घेरापर्यंतचं पाचट ओढून घ्यायचं ठरवा. जमलं तर त्या दिवशी स्वतः दाताळं घेऊन जा. मार्चमध्ये परत एक चक्कर मारून घेर, साल आणि तळाची भोकं तपासा, आणि झाडाच्या पानावर नवी तारीख टाका.